उजवा कौल आणि रिकामी डिस्क

सेजल पालयेकरला शाळा कधी मानवलीच नाही. दुसरा कुणीतरी 'ऊठ' म्हणेपर्यंत एका जागी बसून राहायचं, हे तिच्या रक्तातच नव्हतं. नववीत बाकावरून उठली ती उठलीच. आई रडली, पणजीच्या मामाने फोन करून घराण्याचं नाव कसं बुडतं ते समजावलं. हे सगळं चालू असताना सेजल शेजारणीचा बंद पडलेला पंखा खोलून बसली होती. पंखा फिरायला लागला तशी शेजारणीला म्हणाली, "आत पालीन अंडी घातली हत. तुमी पंख्याक कित्याक गाळी घालतास?"

पोरगी पेडण्याची, पण तिचं दुकान डिचोलीला. मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्ती. पेडण्यात दुकान घातलं असतं तर निम्मी गिऱ्हाइकं नात्यातली निघाली असती, आणि नात्यातल्या माणसाला तोंडावर मूर्ख म्हणता येत नाही. सेजलला ते म्हटल्याशिवाय कामाला हातच लागत नाही. शिरगावकडचा लॅपटॉप आला की तो उघडायचा, आतली खाणीची तांबडी धूळ टेबलावर झटकायची आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, "दुरुस्त करून देव, का हेच्यात मिरच्यो लावून देव?" गिऱ्हाईक चिडतं, दुसऱ्या दुकानात जातं, तिथून लॅपटॉप बिघडवून घेतं आणि परत सेजलकडेच येतं. तेव्हा ती काही बोलत नाही. नुसती बघते. ते जास्त लागतं.

दुकानाच्या आधी ती तुयेला एका कारखान्यात होती. तिथे कॉम्प्युटरचे बोर्ड तपासायचे. तिच्या शेजारच्या टेबलावर बेळगावचा अविनाश बसायचा, आणि तिला जे काही येतं त्यातलं अर्धंअधिक त्याच्याकडून चोरलेलं. अर्थात तो विचारल्यावर सगळं सांगायचा, पण सेजलला विचारणं जमत नाही, म्हणून ती चोरायची. मशीनमध्ये विंडोज घालायच्या आधी, नुसता काळा पडदा असतो तेव्हा, बोर्डावरच कोरलेला एक बारका प्रोग्राम जागा असतो. फर्मवेअर म्हणतात त्याला. त्याला फाइल कळत नाही, फोटो कळत नाही, गाणं कळत नाही. त्याला डिस्क म्हणजे नुसते ओळीने मांडलेले नंबरवार कप्पे. पहिल्या काही कप्प्यांत एक तक्ता असतो: डिस्कचे भाग किती, कुठला भाग कुठे सुरू, कुठे संपतो. शेतातल्या मेरा, म्हणजे बांध, असतात ना, तसं. मेरा मोडल्या म्हणून पीक जळत नाही, फक्त कुणाचं कुठवर ते कळेनासं होतं. आणि हा तक्ता लिहिणारे लोक शहाणे, त्यांनी त्याची एक नक्कल डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. तो तक्ता फर्मवेअरच्या पातळीवरूनच वाचणारा एक छोटा प्रोग्राम सेजलने तुयेला असताना लिहिला होता. तेवढा एकच. पण मिरवायची अशी, की जणू मोप्याचा विमानतळ तिनेच बांधला.

आता देवेश. देवेश हा सेजलचा दोस्त, आणि सेजलला दोस्त एकच. शाळेत तिने हेडमास्तरांच्या स्कूटरच्या सायलेन्सरात कच्चं केळं कोंबलं होतं, तेव्हा छड्या देवेशने खाल्ल्या. का खाल्ल्या ते त्यालाही सांगता येत नाही. स्वभाव असा, की मुंगीला वाट देण्यासाठी उभा राहील आणि मागून येणाऱ्या बसच्या शिव्या खाईल. मांद्र्याच्या बाजूला त्याचा वाडा, म्हणजे वस्ती, वाड्यावर रवळनाथाचं देऊळ, आणि देवळाचा सगळा आवाज देवेशच्या हातात. स्पीकर, माइक, वायरी, सगळं. त्याच्याआधी त्याचा काका बघायचा. देवेशला दुसरं काही नको होतं. जत्रेच्या नाटकात आवाजाच्या टेबलामागे बसायला मिळालं, की तो वर्षभर सुखी.

त्या दिवशी जत्रा होती. दुपार व्हायच्या आत सेजलचा फोन वाजला.

"सेजल, तू बेगीन ये गो."

"काय झाला?"

"नाटकाचा सगळा संगीत गेला."

"गेला म्हणजे? चोरल्यान कोणी?"

"नाय." देवेश म्हणाला. "देवान घालयला."

सेजलने समोरच्या गिऱ्हाइकाचा मोबाइल अर्धा उघडा तसाच त्याच्या हातात ठेवला, शटर ओढलं आणि स्कूटर काढली. गिऱ्हाईक "अगो बाये, माजे स्क्रू!" म्हणत राहिलं.

देवळात पोचली तर मांडव सजलेला, खाज्याची दुकानं लागलेली, आणि देवेश आवाजाच्या टेबलापाशी तेराव्याला बसल्यासारखा. कमिटीचे अध्यक्ष निवृत्ती शेटगावकर खुर्चीत बसून पान चघळत होते. बाजूला देवळाचे गुरव बाबली, खांबाला टेकून डोळे मिटलेले.

"आता सरळ सांग," सेजल देवेशला म्हणाली. "पयल्यापासून."

झालं होतं ते असं. नाटकाचा हार्मोनियमवाला गुरुदास जहाजावर नोकरीला लागला. जायच्या आधी त्याने नांदीपासून शेवटापर्यंत सगळं वाजवून देवेशला रेकॉर्ड करून दिलं. ते देवस्थानच्या मोठ्या डिस्कवर ठेवलेलं. लॅपटॉपमध्ये जागा नाही म्हणून लॅपटॉपवरचं देवेशने पुसलं. गुरुदास आता कुठल्यातरी समुद्राच्या मधोमध, फोनही लागत नाही. सकाळी देवेशने डिस्क नव्या मिक्सरला जोडली. आवाजाचा मिक्सर, कमिटीने हौसेने आणलेला. त्याच्या बारक्या पडद्यावर इंग्लिशीत प्रश्न आला: ही डिस्क तयार नाही, तयार करू काय? होय, की नको?

देवेश म्हणाला, "नको. हेका आमची डिस्क कळना नाय. काडून घेतंय."

पण मागे अध्यक्ष उभे. नवा मिक्सर त्यांनीच पसंत केलेला. ते म्हणाले, "मशीन इतक्या अदबीन विचारता, आणि तू नको म्हणतस? आणि चुकीचा झाला तर? देवाक विचारूया."

ह्या वाड्यावर रीतच ती. विहीर कुठे खणायची, जावई कसा आहे, नाटक कुठलं बसवायचं, सगळ्याला देवाचा कौल. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत राहायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. मशीनने होय की नको विचारलं होतं, आणि वाड्याला होय-नकोचं उत्तर मिळवायची एकच वाट ठाऊक.

बाबली गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुज्या लेकरांनी हो पेटो हाडलो हा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तेच्या पोटात तुज्या नाटकाचा संगीत आसा, म्हाराजा. आता तो पेटो विचारता…" गुरव अडले. पुढचं इंग्लिश त्यांना येईना. त्यांनी देवेशला जवळ बोलावलं. देवेशने त्यांच्या कानात प्रश्न सांगितला, गुरवांनी तो देवाला सांगितला. सगळे श्वास रोखून. आणि उजवी पाकळी टपकन पडली.

अध्यक्षांनी स्वतःच्या बोटाने 'होय' दाबलं. मिक्सरने काम केलं, पडद्यावर 'तयार' असं आलं, आणि डिस्क उघडून बघतात तर आत काहीच नाही. धुतल्या टोपासारखी स्वच्छ.

सेजलने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, डिस्केचा देवाक विचारतत? देव कधी कारखान्यात कामाक होतो?"

"तोंड सांबाळ गो," अध्यक्ष म्हणाले. "देवाची चूक होवक शकना नाय. चूक विचारणाऱ्याची. प्रश्न कोणी सांगलो कानात? देवेशान. तेणी बरो सांगूक नाय, म्हणून असा झाला."

"तो नको म्हणा होतो!"

"ता तुका कोणी सांगला? तू होतंस हय? सांजेची आरती जायसर संगीत गावला तर गावला. नाय तर नाटक रद्द, आणि फुडल्या जत्रेपासून म्हापशाची साउंड पार्टी येतली. हेका ह्या टेबलार परत बसूक मेळना नाय."

देवेशने मान खाली घातली. सेजलने त्याच्याकडे बघितलं आणि मग अध्यक्षांकडे असं बघितलं, की त्यांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं.

तिने पिशवीतून आपला जुना लॅपटॉप काढला, झाकण चिकटपट्टीने धरलेला. विंडोज चालू करायचं नाही, हे तिचं पहिलं. विंडोज म्हणजे आगाऊ मावशी. घरात पाऊल टाकलं की न विचारता भांडी लावायला घेते. म्हणून तिने पेनड्राइव्हवरून फर्मवेअरचा काळा पडदा उघडला, तिथे आपला प्रोग्राम ठेवला आणि डिस्क जोडली.

"आता फक्त वाचूचा. लिवूचा काय नाय," ती म्हणाली. सभोवती माणसं जमली. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली, काय चाललंय ते न कळता.

सेजलने बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली: वाचता आलं नाही.

परत दाबलं. तेच. डिस्कच्या सुरुवातीला तेच, शेवटाला तेच. सेजलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि तिची खोड अशी, की मनात आलं ते पोटात राहत नाही.

"मेली," ती मोठ्याने म्हणाली. "डिस्क मेली."

म्हातारीने पदर डोळ्याला लावला. अध्यक्ष खुर्चीतून उठले, जरा जास्तच चपळाईने. "ऐकलास? तिणीच सांगला. म्हापशाक फोन लावा रे."

देवेश वायरी गुंडाळायला लागला. एकेक वायर नीट, गोल, जशी काकाने शिकवली तशी, दुसऱ्या कुणाला तरी द्यायची म्हणून. ते बघितलं आणि सेजल जी कधी करत नाही ती गोष्ट तिने केली. बाहेर तुळशीपाशी जाऊन अविनाशला फोन लावला आणि विचारलं.

"काय गं, आज कशी काय आठवण?" अविनाश बेळगावात कुठेतरी जेवत होता, ताटवाटीचा आवाज येत होता.

"माझा प्रोग्राम डिस्क वाचत नाही. मेली बहुतेक."

"एरर काय देतंय?"

"वाचता आलं नाही, म्हणतंय."

"ते तू लिहिलेलं वाक्य झालं की गं. फर्मवेअर काय म्हणालंय?"

ते सेजलने बघितलंच नव्हतं.

"डिस्क केवढी हाय?"

"मोठी. नवी. यूएसबीची."

"मग तिचा एकेक कप्पा केवढा, ते विचारलीस काय तिला? तू तर पाचशे बारा बाइटचं माप प्रोग्राममध्ये ठोकूनच ठेवलीस. तुयेच्या डिस्क तसल्या होत्या म्हणून चाललं. ह्या मोठ्या यूएसबीवाल्या बऱ्याच वेळा चार हजार शहाण्णवच्या असतात बघ. तू अच्छेराचं माप घेऊन पायली ओतून घ्यायला गेलीस, तर फर्मवेअर काय देणार तुला? माप चुकलं म्हणून परत पाठवालंय ते."

"म्हणजे मेली नाही?"

"डिस्क ठणठणीत हाय. तुझं डोस्कं तपास. फर्मवेअरला आधी विचारायचं असतंय बाई, कप्पा केवढा, शेवटचा कप्पा कितवा. ते सगळं सांगतंय. विचारलंच नाहीस तर सांगणार कसं?"

फोन ठेवल्यावर सेजल तुळशीकडे बघत उभी राहिली. सगळा वाडा ऊठसूट देवाला विचारतो म्हणून तिने टोमणा मारला होता, आणि तिने स्वतः एका डिस्कला साधं माप विचारलं नव्हतं. हे तिने अर्थातच कुणाला सांगितलं नाही. आत आली आणि म्हणाली, "म्हापशाचा फोन ठेवा. डिस्क जिती झाली."

"आताच मेलली ना गो?" अध्यक्ष.

"काका, माणूस पण कधी कधी चितेर उठान बसता."

तिने प्रोग्रामात ठोकलेलं माप काढून टाकलं आणि फर्मवेअरला विचारून मग वाचायचं असं लिहिलं. बटण दाबलं. ह्या वेळी आकडे आले. सुरुवातीच्या कप्प्यांत मिक्सरने लिहिलेलं, सगळी डिस्क एकच भाग, आणि तोही रिकामा. मग तिने शेवटचा कप्पा वाचायला सांगितलं. मिक्सरला हे शेवटचं टोक असतं हेच ठाऊक नव्हतं. त्याने तिकडे हात लावलाच नव्हता. तिथे जुना तक्ता जसाच्या तसा.

"हो बघ!" सेजल ओरडली. देवेशच्या हातातली वायर सुटली. "दोन भाग. पयलो हयसून हयसर, दुसरो थयसून शेवटापर्यंत. देवेश, तुजा संगीत खंयच्या भागात?"

"दुसऱ्या."

"मग उठ. ह्यो तक्तो आता फुडे नेऊन लिवतंय."

"राव!" अध्यक्षांनी हात वर केला. "लिवतलंस? मगे देवाक विचारूक होया. कौल घेतल्याबगर नाय."

सगळे बाबली गुरवांकडे वळले. सेजल आल्यापासून गुरवांनी पहिल्यांदा डोळे नीट उघडले. जत्रेचा दिवस, पहाटेपासून उभे, पोटात एक चहा. "अध्यक्षानू," ते म्हणाले, "देवाक आज खूप कामां आसत. एका पेट्यापायी दोन दोन फेरी देवाक उठवूक आपणाक होवचा नाय. तुमका होया तर तुमीच पाकळ्यो लावा." आणि परत डोळे मिटले.

अध्यक्ष काही पाकळ्या लावायला गेले नाहीत. सेजलने तक्ता लिहिला, डिस्क काढली, परत जोडली, आणि आता विंडोज चालू केलं. दुसरा भाग उघडला. गुरुदासची नांदी, प्रवेश, पडदा, सगळं ओळीने. देवेशने एक फाइल वाजवली, आणि हार्मोनियमचा सूर स्पीकरमधून निघाला तसा तो तोंड फिरवून उगाच एक प्लग पुसायला लागला. म्हातारीने सेजलच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पहिला भाग मात्र उघडेना. मिक्सरने आपलं सगळं लिखाण नेमकं त्याच्या छाताडावर केलं होतं.

"त्या भागात काय होता रे?" सेजलने विचारलं.

देवेशने आवाज खाली आणला. "अध्यक्षांची भाषणां. गणपतीतली, क्रिकेटची, हळदीकुंकवाची. सगळ्यांचो व्हिडिओ काडूक लावतत माका. निवडणुकीक उपयोगी पडतली म्हणान."

आवाज खाली आणला खरा, पण समोर माइक चालूच होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. मग मागून कुणीतरी फुसकन हसलं, आणि बाबली गुरव डोळे न उघडताच म्हणाले, "म्हणजे देवान उजवी दिली ती बरोबरच दिली."

मांडव असा हसला, की खाज्याच्या दुकानावरची माणसं काय झालं बघायला धावत आली. "देव रवळनाथ शाणो रे!" कुणी म्हणालं. "नेमका नको ता पुसल्यान!" सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. बोलणार काय? चूक झाली म्हणावं तर देव चुकला असं होणार. आणि देवाची चूक होत नाही, हे त्यांनीच सकाळपासून सगळ्यांना ऐकवलेलं. देव बरोबर तर प्रश्नही बरोबर, आणि प्रश्न बरोबर तर देवेशही बरोबर. कमिटीतल्या एकाने स्वतःच देवेशसाठी खुर्ची टेबलामागे ओढून ठेवली.

आरतीच्या आधी अध्यक्ष सेजलला नारळांच्या ढिगामागे गाठून उभे राहिले. आवाज एकदम मऊ. "बाये सेजल. तू हुशार. ती भाषणां… काय तरी करून भायर काडूक येतली काय गो?"

सेजलला ठाऊक होतं. मिक्सरने नुसती सुरुवात खरवडली होती. डिस्क डिचोलीला नेऊन नीट बसली असती, तर अर्ध्याहून जास्त भाषणं निघाली असती. पण ती निघाली, तर देवाने पुसलेलं परत आलं, म्हणजे देवाला ते पुसायचंच नव्हतं, म्हणजे कौल चुकला, म्हणजे कानात सांगणारा चुकला. फिरून गाडी देवेशच्या दारात.

तिने अध्यक्षांकडे अगदी भाविक तोंड करून बघितलं. "काका, देवान घेतला. मी कोण परत हाडूक?"

अध्यक्षांनी एक नारळ उचलला आणि आरतीला गेले.

ती टेबलापाशी आली तेव्हा देवेश मिक्सरच्या खटक्यांवर बोटं ठेवून पडदा उघडायची वाट बघत होता. डिस्क आता मिक्सरला नाही, सेजलच्या लॅपटॉपला जोडलेली.

"खरीच निघना नाय काय गो ती भाषणां?" त्याने विचारलं.

"निघतली. पण तू विचारू नको."

देवेशने घाबरून गाभाऱ्याकडे बघितलं. "देव बघता गो, सेजल."

"बघूं दे. सुरवात तेणीच केल्यान."

पडद्यामागून घंटा झाली. देवेशने खटका वर सरकवला, आणि जहाजावर असलेल्या गुरुदासची नांदी मांडवाच्या चारी कोपऱ्यांतून वाजायला लागली.